बुडालेली ठेव आणि बँकेची जबाबदारी

हिजरतच्या रात्रीचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मक्केच्या कुरैशांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हत्येचा कट रचला होता आणि त्याच मक्कावासीयांच्या चीजवस्तू ठेव म्हणून प्रेषितांच्या घरी सुरक्षित होत्या. घर सोडताना प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. जिवावर उठलेल्या शत्रूचीही अमानत बुडू द्यायची नाही, हा धडा त्या रात्रीने मुस्लिम समुदायाला कायमचा दिला. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या हाती सोपवाव्यात, असा अल्लाहचा आदेश पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:५८) आहे. सूरह मोमिनूनमध्ये (२३:८) यशस्वी श्रद्धावंतांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अमानती आणि वचने जपणे हे एक लक्षण आहे.

ठेव जागेवर असेल तर ती परत करायची, एवढे सर्वांना मान्य असते. वाद उभा राहतो तो ठेव जागेवर नसते तेव्हा. ती चोरीला गेली, व्यापारात बुडाली, कारकुनाने लांबविली किंवा संचालकांनी मर्जीतल्या माणसाला कर्जाऊ देऊन टाकली, तर भरपाई कोणी करायची? ठेवीदाराने नशिबाला दोष देत गप्प बसावे, की ठेव घेणाऱ्याने आपल्या खिशातून ती भरून द्यावी? आज आपली जन्माची पुंजी बँकेत, पतसंस्थेत, बिनव्याजी सोसायटीत किंवा एखाद्या गुंतवणूक योजनेत असते. म्हणून या प्रश्नाचे शरई उत्तर प्रत्येक मुसलमानाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

दोन प्रकारचे हात

इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, म्हणजे फुकहांनी, दुसऱ्याचा माल ज्याच्या ताब्यात असतो त्याच्या हाताचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला ‘यद-ए-अमानत’, म्हणजे विश्वस्ताचा हात. दुसरा ‘यद-ए-जमान’, म्हणजे भरपाईला बांधलेला हात.

शेजाऱ्याने प्रवासाला जाताना आपली पेटी तुमच्याकडे ठेवली. तुम्ही मोबदला घेतला नाही, पेटी वापरली नाही, आपल्या वस्तूंसारखीच ती जपली. तरीही पुराचे पाणी घरात शिरले आणि पेटी वाहून गेली. येथे तुमच्यावर भरपाई येत नाही, कारण तुमचा हात अमानतीचा आहे. तुम्ही उपकार करीत होता आणि उपकार करणाऱ्यांवर ठपका ठेवण्यास जागा नाही, हे तत्त्व फुकहांनी सूरह तौबाच्या ९१व्या आयतीवरून घेतले आहे. प्रत्येक अपघाताची भरपाई विश्वस्ताच्या माथी मारली असती, तर अडल्यानडल्याची ठेव सांभाळायला कोणी पुढेच आले नसते.

परंतु हे संरक्षण बिनशर्त नाही. पेटी अंगणात उघडी टाकली, मालकाला न विचारता तिसऱ्याच्या हवाली केली किंवा तिच्यातील रक्कम स्वतःच्या कामासाठी काढली, की त्या क्षणी विश्वस्ताचा हात भरपाईचा हात होतो. मर्यादा ओलांडण्याला फिक्हच्या भाषेत ‘तअद्दी’ म्हणतात आणि सांभाळण्यात कसूर करण्याला ‘तक्सीर’. या दोहोंपैकी एक जरी सिद्ध झाली, तरी नुकसान विश्वस्ताचे.

उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ ही कायदासंहिता तयार झाली. तिच्या ७७७व्या कलमात हाच नियम एका घड्याळाच्या उदाहरणाने समजावला आहे. ठेव म्हणून आलेले घड्याळ पाहण्यासाठी हातात घेतले असता चुकून निसटून फुटले, तर भरपाई नाही. पण त्यावर पाय पडला किंवा हातातली दुसरी वस्तू त्यावर पडली आणि ते फुटले, तर भरपाई द्यावी लागेल. घड्याळ दोन्ही वेळा फुटते. फरक असतो तो सांभाळणाऱ्याच्या वागण्यात.

मोबदला घेतला की जबाबदारी वाढते

त्याच कलमात पुढे एक महत्त्वाचा नियम आहे. सांभाळण्याचा मोबदला ठरलेला असेल आणि टाळता येण्याजोग्या कारणाने, उदाहरणार्थ चोरीने, ठेव गेली, तर ठेवणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. कारण स्पष्ट आहे. येथे उपकार संपला आणि व्यवहार सुरू झाला. मालकाने पैसे मोजले ते चोरापासून रक्षण व्हावे म्हणूनच.

या विचाराचे मूळ फार जुने आहे. शिंपी, रंगारी अशा कारागिरांकडे लोक आपला माल देत आणि तो हरवल्याची तक्रार घेऊन येत. तेव्हा कारागिरांवर भरपाईची जबाबदारी टाकण्याचा निर्णय हजरत अली (रजि.) यांनी दिल्याचे सांगितले जाते. त्यामागचा विचार असा की, ही जबाबदारी टाकल्याखेरीज लोकांचे व्यवहार सुरळीत चालणार नाहीत.

आजच्या बँकेचे लॉकर या नियमात नेमके बसते. लॉकरमधील दागिने बँकेला कर्ज दिलेले नसतात आणि ते वापरण्याचा अधिकारही तिला नसतो. ती भाडे घेते आणि सुरक्षितता देते. कोलकात्याच्या एका ग्राहकाचे लॉकर बँकेने पूर्वसूचना न देता फोडले. ग्राहकाच्या म्हणण्यानुसार त्यात सात दागिने होते, त्याला परत मिळाले दोनच. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याचा निकाल लागला. लॉकरमध्ये काय होते ते आम्हाला ठाऊक नाही, असे म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ग्राहकाला पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी आणि रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांत नियम करावेत, असा आदेश झाला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या त्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदार असते. भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेचा दोष नसेल, तर ती जबाबदार नसते. टाळता येणारे आणि न टाळता येणारे कारण हा मजल्लाने केलेला भेद येथेही दिसतो. शंभर पटीची मर्यादा मात्र कायद्याने घातलेली आहे. शरीअतच्या तत्त्वानुसार कसूर आणि ऐवजाची किंमत दोन्ही सिद्ध झाल्यास भरपाई नुकसानाएवढी असते.

खात्यातील रक्कम: नाव ठेवीचे, स्वरूप कर्जाचे

बचत खाते, चालू खाते आणि मुदत ठेव यांची गोष्ट वेगळी आहे. ‘ठेव’ या शब्दामुळे आपण फसतो. आपण दिलेल्या त्याच नोटा बँक जपून ठेवीत नाही. ती त्या वापरते, इतरांना कर्जाऊ देते आणि मागितल्यावर तेवढीच दुसरी रक्कम परत करते. दुसऱ्याचा पैसा खर्च करण्याची मुभा आणि तेवढाच परत करण्याचे बंधन, यालाच शरीअत ‘कर्ज’ म्हणते. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९९५ साली अबू धाबीच्या अधिवेशनात मागताक्षणी मिळणाऱ्या ठेवींबाबत असाच ठराव केला. बँक इस्लामी असो वा व्याजी, अशी ठेव हे कर्ज आहे आणि तिच्यावर बँकेचा हात भरपाईचा आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानेही १८४८ साली बँक आणि खातेदार यांचे नाते ऋणको-धनकोचे असल्याचा निर्णय दिला होता.

हा विचार आपल्याकडे हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या आचरणातून आला आहे. सहीह बुखारीत त्याचा सविस्तर वृत्तांत आहे. लोक विश्वासाने त्यांच्याकडे ठेवी आणीत. ते म्हणत की, ही अमानत म्हणून नको, मला कर्ज म्हणून द्या, कारण ती माझ्या हातून हरवेल अशी मला भीती वाटते. अमानत हरवली असती तर ठेवीदार बुडाला असता आणि जुबैर (रजि.) मोकळे झाले असते. त्यांनी मोकळे होण्याची ती वाट स्वतःच बंद केली. कर्ज झाल्यामुळे त्यांना रक्कम वापरता आली हे खरे, पण काहीही झाले तरी ती परत करण्याचे ओझेही त्यांनी आपल्या खांद्यावर घेतले.

यावरून निघणारा निष्कर्ष ठेवीदाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. खात्यातील रक्कम कर्ज असेल, तर बँकेचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. कर्जदाराच्या घरी चोरी झाली म्हणून त्याचे कर्ज फिटत नाही. तिजोरी फुटली, कर्मचाऱ्याने अपहार केला किंवा दिलेली कर्जे बुडाली, तरी ते नुकसान बँकेचे असते आणि खातेदाराचे येणे कायम राहते. कोणी खोट्या सहीने धनादेश वटविला, तर चोराने फसविले ते बँकेला. खातेदाराने स्वतः ओटीपी देऊन चोराला वाट करून दिली असेल, तर मात्र तो आपल्या कसुराच्या प्रमाणात जबाबदार ठरतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक बरेचसे याच वळणाचे आहे. त्यानुसार बँकेच्या चुकीने खात्यातून रक्कम गेली, तर ग्राहकावर भार नाही. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी त्याने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरी त्याच्यावर भार नाही. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही त्यात बँकेवर ठेवले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा हक्क मुद्दलाचा आहे. सूरह बकराच्या २७९व्या आयतीत व्याज सोडणाऱ्यांना त्यांचे मुद्दल मिळण्याचा हक्क सांगितला आहे आणि कोणी कोणावर अन्याय करू नये, असे तत्त्व घालून दिले आहे. म्हणून बुडालेल्या बँकेकडे मुद्दलाची मागणी करणे, त्यासाठी न्यायालयात जाणे हे दुनियेच्या मोहाचे लक्षण नाही. तो शरीअतने दिलेला हक्क आहे.

हक्क असला तरी बँकेपाशी पैसाच उरला नसेल, तर तो वसूल कसा होणार? सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड दडविल्याचा आरोप पोलीस तक्रारीत होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्यात आली. बुडालेल्या बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाकडून मिळणारे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. हे संरक्षण सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या वस्तीतील पतसंस्थेला ‘बँक’ म्हणण्याची सवय असलेल्यांनी हा फरक नीट लक्षात घ्यावा.

गुंतवणूक बुडाली तर

तिसरा प्रकार मुदारबतचा. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात ठरलेला हिस्सा, असा हा करार असतो. इस्लामी बँकांची गुंतवणूक खाती बहुधा याच पायावर उभी असतात. येथे व्यवस्थापकाचा हात अमानतीचा असतो. प्रामाणिक प्रयत्न करूनही तोटा झाला, तर भांडवल मालकाचे जाते आणि व्यवस्थापकाचे श्रम वाया जातात. भांडवल परत करण्याची हमी आणि नफ्यातील वाटा दोन्ही मागणे योग्य नाही, कारण मग करार मुदारबतचा राहत नाही, तो व्याजाकडे झुकतो.

नेमक्या याच नियमाचा आज सर्वाधिक गैरवापर होतो. ‘हलाल’ या शब्दाच्या आधाराने पैसा गोळा करायचा, हिशेब दाखवायचा नाही आणि पैसा संपला की ‘तोटा अल्लाहची मर्जी’ असे सांगायचे. बेंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायजरी या कंपनीची योजना जून २०१९ मध्ये कोसळली. तिचे हजारो ठेवीदार बहुसंख्येने मुस्लिम होते. अशा प्रसंगी मुदारबतचा नियम अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा असा आहे: तअद्दी, तक्सीर किंवा कराराच्या अटींचा भंग झाला असेल, तर व्यवस्थापकाला भांडवल भरून द्यावे लागते.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) मुदारबतीसाठी भांडवल देताना अटी घालीत. माझा पैसा जिवंत जनावरांत गुंतवायचा नाही, समुद्रमार्गे न्यायचा नाही, पुराच्या ओढ्यात मुक्काम करायचा नाही. यांपैकी काही केलेत तर जबाबदार तुम्ही, असे ते आधीच बजावीत. हे नफ्याची हमी मागणे नव्हते. धोका कोठवर पत्करायचा याची रेघ त्यांनी आखून दिली होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर तारण न घेता कर्ज देणे, सगळा पैसा एकाच ठिकाणी गुंतविणे, संचालकांच्या नातेवाइकांना झुकते माप देणे, लेखापरीक्षण टाळणे आणि नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला नफा वाटणे, हे सारे त्या रेघेपलीकडचे आहे. यातले शेवटचे तर उघड फसवणूक आहे. तेथे मुदारबतचा प्रश्नच येत नाही.

मग कसूर झाली हे सिद्ध कोणी करायचे? सामान्य नियमानुसार विश्वस्ताचा शब्द मानला जातो आणि आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. परंतु बँकेचे दप्तर बँकेच्याच ताब्यात असते. सामान्य ठेवीदार पुरावा आणणार कोठून? ही अडचण ओळखून फिक्ह अकादमीने २०१५ साली कुवैतच्या अधिवेशनात या विषयावर स्वतंत्र ठराव केला. बँक तोट्याचा दावा करीत असेल आणि परिस्थितीजन्य खुणा त्या दाव्याच्या विरुद्ध असतील, तर आपण कसूर केली नाही हे बँकेनेच सिद्ध करावे, असा त्याचा आशय आहे. ठेवीदारांच्या मालमत्तेचे रक्षण हे एक कारण त्यामागे दिले आहे.

संस्थेआड लपणारा माणूस

दुनियेचा कायदा भरपाई संस्थेकडून मागतो. परंतु कसूर संस्था करीत नाही, माणूस करतो. लॉकरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम सेवेत असलेल्या दोषी अधिकाऱ्यांच्या पगारातून कापून घेण्यास सांगितले होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कयामतच्या दिवशी तर कोणत्याही संचालक मंडळाला एकत्र जाब देता येणार नाही. न वाचता सही करणारा संचालक, डोळेझाक करणारा हिशेबनीस, ओळखीखातर कर्ज मंजूर करणारा व्यवस्थापक, प्रत्येक जण एकटा उभा राहील. शहीदाचे सर्व गुन्हे माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्याने प्राण दिला त्याचीही सुटका नसेल, तर हजारो लोकांचे देणे डोक्यावर घेऊन जाणाऱ्याची अवस्था काय होईल? लोकांचे हक्क बुडवून केलेली तौबा ते हक्क परत केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

मोठ्या बँकांकडे बोट दाखविताना आपल्या बैतुलमालकडे, मशिदीच्या निधीकडे, बिनव्याजी सोसायटीकडे आणि भिशीकडेही पाहावे लागेल. नेकनाम माणसाकडे पावती मागणे आपल्याला अपमानास्पद वाटते. वास्तविक सूरह बकराच्या २८२व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे आणि तो श्रद्धावंतांनाच उद्देशून आहे. प्रत्येक रकमेची पावती, दोघांच्या सहीशिवाय रक्कम न काढणे, सर्वांसमोर वार्षिक हिशेब आणि कोणाही एका कर्जदाराला देण्याच्या रकमेवर मर्यादा, एवढे पाळणाऱ्या संस्थेच्या चालकांवर संकटाच्या वेळी सहसा बालंट येत नाही. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक माणसासाठी तो हिशेबच उद्याचा साक्षीदार असतो.

ठेवीदाराचीही जबाबदारी आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तिर्मिजीच्या हदीसमध्ये आहे. पैसे देण्यापूर्वी हे कर्ज, मोबदल्यावरची अमानत की मुदारबत, हे विचारून लेखी घ्यावे. दरमहा ठरावीक नफ्याचे आमिष दिसले की, हात आखडावा. सारी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये आणि खात्यात गडबड दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे.

हजरत जुबैर (रजि.) जमलच्या प्रसंगी, हिजरी ३६ मध्ये मारले गेले. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांनी हिशेब केला, तेव्हा लोकांच्या ठेवींतून झालेले कर्ज २२ लाख निघाले. घरात रोकड नव्हती, होती ती जमीन आणि घरे. ४ लाखांचे येणे असलेल्या एका धनकोने रक्कम सोडून देण्याची तयारी दाखविली, पण अब्दुल्लाह (रजि.) यांनी ती सवलत घेतली नाही. त्यांनी गाबाची जमीन विकली आणि एकेकाचे देणे फेडले. त्यानंतर वारसांनी वाटणी मागितली, तेव्हाही ते थांबले. सलग चार वर्षे हजच्या दिवसांत ते पुकारा करीत राहिले की, जुबैर यांच्याकडे ज्याचे काही येणे असेल त्याने यावे आणि घेऊन जावे. चौथे वर्ष सरल्यावरच त्यांनी वारसांना त्यांचे हिस्से दिले.